विभूतीच्या डबीतली चिठ्ठी

लाल रेघ नेमकी मधल्या भिंतीवर आली!

नगरपरिषदेची माणसं सकाळी टेप घेऊन आली, रस्त्याच्या मधोमध एक खिळा ठोकला, तिथून मापत मापत तारामतीच्या ओसरीत शिरली, चूल ओलांडली, माजघर ओलांडलं आणि जिथं तिचं घर संपून धाकट्या जावेचं सुरू होतं त्या भिंतीवर ब्रशानं एक जाड रेघ ओढून मोकळी झाली. म्हणजे बाजाररस्ता रुंद झाला की तारामतीचं घर सगळंच्या सगळं रस्त्यात जाणार; आणि शिवांजलीचं... शिवांजलीचा तो म्हशीच्या वासाचा, भर दुपारी दिवा लावावा लागणारा मागचा भाग एका दिवसात रस्त्याला तोंड करून दिमाखात उभा राहणार! तारामतीच्या हातात अर्धी थापलेली भाकरी होती. ती तशीच काटवटीत गळून पडली.

बरं, रेघ ओढणाऱ्यांना चहा कुणी द्यावा? तर शिवांजलीनं! मागच्या बोळातून वळसा घालून ती ट्रे घेऊन आली, म्हशीच्या दुधाचा दाट चहा, आणि अक्का तुम्हीबी घ्या म्हणत एक कप तारामतीपुढंही धरला. शिवांजलीचे डोळे लाल होते, आवाज भरून आला होता; पण पोटात हेवा पेटला की समोरच्याच्या डोळ्यांतलं पाणीही आनंदाचंच दिसतं. माझं घर चाललंय आणि ही बया चहा पाजत फिरतेय... तारामतीनं हात पुढं केला नाही. शिवांजली कप काटवटीशेजारी ठेवून निघून गेली. चहावर साय धरून ती सुरकुतली तरी कप तिथंच होता.

तारामती काही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कडक भाकरी करावी तर तिनंच. कागदासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची, मग निखाऱ्याच्या उबेला उभी करून अशी कडकडीत वाळवायची की महिनाभर ठेवली तरी वास येऊ नये. तुळजापूरला निघालेली माणसं गाडी थांबवून तिच्या ओसरीवरून भाकरीची चवड आणि शेंगाचटणी घेऊन जायची. मुरुमच्या बाजारातून ज्वारी आणायची, पहाटे चारला चूल पेटवायची, तळहात भाजून घ्यायचे... अठरा वर्षं तिनं हेच केलं. नवरा राजशेखर स्वभावानं गरीब, दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणारा. निम्मा संसार तिनंच ओढला, पोराला पुण्याला शिकायला धाडलं. कष्टाला ती कधी नाही म्हणाली नाही. पण एक किडा तिच्या काळजात होता आणि त्याचं नाव शिवांजली.

जावा जावा, उभा दावा म्हणतात ते उगीच नाही. तारामतीचं माहेर औशाकडचं, तिला कन्नडचं अक्षर कळायचं नाही. शिवांजली आली ती आळंदहून, सीमेपलीकडून. तिला मराठी येईना. सासूबाई लक्ष्मम्मा, ज्यांना सगळं घर अव्वा म्हणायचं, त्यांची बोली कन्नडच. चार वर्षं घरात राबून, अव्वांचे पाय चेपून तारामतीला जे मिळालं नव्हतं ते या पोरीला चार दिवसांत मिळालं! दोघी मागच्या परसात बसायच्या, कन्नडमधून काहीबाही बोलायच्या, मध्येच हसायच्या, आणि तारामती तिथं गेली की गप्प व्हायच्या. काय बोलतात? माझ्याबद्दल बोलतात. काय हसतात? मला हसतात. त्या हसण्याचा काटा असा रुतला की अव्वा जाऊन सात वर्षं झाली तरी तो निघाला नव्हता. शिवांजलीचं सगळंच तिला सलायचं. तिच्या म्हशीचं दूध, तिची हुशार लेक, पस्तिशीला येऊनही एकही न पिकलेले तिचे केस... अहो, केसांचासुद्धा हेवा!

मात्र एका गोष्टीत तारामती जिंकली होती. ती गोष्ट देवळीत, विभूतीच्या डबीत होती.

सोळा वर्षांपूर्वी सासरे शिवप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी डोळ्यांदेखत वाटणी करून टाकली. घर एकच, उभं लांब. पुढचा भाग बाजाररस्त्याला, ओसरी आणि माजघर. मागचा भाग थोडा मोठा, पण अंधारा, गोठा आणि परस, वाट फक्त बोळातून. कुणाला काय ते माणसानं ठरवायचं नाही, अशी त्या घराची रीत. दोन चिठ्ठ्या लिहायच्या, लिंगपूजा झाली की ताटात ठेवायच्या आणि घरात सगळ्यांत शेवटी आलेल्या सुनेनं थोरल्याच्या नावानं एक उचलायची; कारण तिच्या तोंडून या घरात अजून भांडण झालेलं नसतं. शिवप्पा कन्नड शाळेत शिकलेले, चिठ्ठ्या त्यांनी कन्नडमध्येच लिहिल्या. दोन्ही मुलगे मराठी शाळेतले. अव्वा शाळेची पायरीच न चढलेल्या. वाचणार कोण? तर आठ महिन्यांची नवी सून शिवांजलीच.

तिनं चिठ्ठी उचलली, उघडली आणि... गप्प झाली. चेहरा खर्रकन उतरला. सगळ्यांचा जीव टांगणीला. मग हळूच, मोडक्या मराठीत ती म्हणाली, भाऊजींना पुढचं. दुसरी चिठ्ठी वाचायचं कारणच उरलं नाही. ती तिनं तशीच दुमडून पदराला बांधली. थोरल्याची चिठ्ठी तारामतीच्या ओंजळीत आली. तो उतरलेला चेहरा तारामती जन्मात विसरली नाही. बघा, कशी तोंडात मारल्यासारखी झाली होती! देवानंच न्याय केला! त्या दिवसापासून रोज सकाळी कपाळाला विभूती लावली की ती चिठ्ठी डोळ्यांना लावायची आणि परत डबीत ठेवायची. त्यात काय लिहिलंय हे तिनं कधीच कुणाकडून वाचून घेतलं नाही. शिवप्पा महिनाभरात गेले. घरात उरली वाचणारी एकच, आणि आपलं नशीब पुन्हा तिच्या हातात द्यायला तारामती काय वेडी होती?

आणि आता तेच नशीब लाल रंगानं खोडलं गेलं होतं.

त्यात गावानं तेल ओतलं. शिवानंद, म्हणजे धाकटा दीर, नगरपरिषदेत दोनदा दिसला, असं कुणीतरी ओसरीवर भाकरी घेता घेता सांगून गेलं. खोटं कशाला बोला, शिवानंदाच्या मनात दुकानाचं शटर आलं होतं. रस्ता आलाच तर आपल्याला पुढून दार काढता येईल का, एवढंच तो विचारायला गेला होता. पण तारामतीला वाटलं, रेघ यांनीच ओढून घेतली. रेघ आराखड्यात कितीतरी आधीपासून होती, समोरच्या चार घरांवरही आली होती, हे राजशेखरनं तिला नकाशा दाखवून सांगितलं. ती म्हणाली, नकाशे माणसंच काढतात.

तिनं राजशेखरला बसू दिलं नाही, झोपू दिलं नाही. शेवटी तो तिला घेऊन उमरग्याला योगीराज वकिलांकडं गेला. दावा दोघांवर पडला. नगरपरिषदेवर, की रस्त्यासाठी घर घेऊ नये, घेतलंच तर कायद्यानं पुरता मोबदला द्यावा. आणि सख्ख्या भावावर, की देवापुढं वाटणी झाली ती दोन्ही भाग बरोबरीचे धरून, आता एक भाग रस्त्यात गेला तर उरलेल्यातला निम्मा आम्हाला मिळावा. तारामतीला काय हवं होतं ते तिनं वकिलांना स्पष्ट सांगितलं. मला तिच्या घरात निम्मं पाहिजे, आणि रस्त्याकडचं निम्मं पाहिजे. रस्त्याच्या तोंडावर ती बसलेली मला बघवणार नाही.

मधल्या भिंतीत एक हातभर खिडकी होती. अव्वांच्या वेळेपासून तिथून ताकाचा तांब्या यायचा, इकडून भाकऱ्या जायच्या. शिवानंदाला समन्स मिळालं त्या दिवशीही तिथून ताक आलं. तारामतीनं तांब्या परत सरकवला आणि खिडकीपुढं ज्वारीचं पिंप उभं केलं. त्यानंतर दीड वर्ष दोन्ही बाजूंनी एकमेकींची भांडी वाजलेली ऐकू यायची, पण शब्द नाही. राजशेखर भावाला रस्त्यात भेटला की मान खाली घालायचा. तारामती म्हणायची, मान मोडेल, ताठ चालायची सवय करा.

साक्षीपुराव्याची तारीख लागली. तारामतीनं विभूतीची डबी उघडून चिठ्ठी वकिलांपुढं ठेवली. वकील म्हणाले, आधी भाषांतर करून घेऊ. तिनं ठणकावलं, गरजच नाही, त्यात काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. जिनं तेव्हा वाचलं तिलाच पिंजऱ्यात उभी करा, तिच्याच तोंडून वदवून घ्या. विरुद्ध पक्षाच्या बाईला आपण साक्षीला बोलवायचं म्हणजे उलटी गंगा, असं वकिलांनी परोपरीनं समजावलं. पण तारामतीच्या मनात पुराव्यापेक्षा वेगळंच होतं. तो उतरलेला चेहरा तिला पुन्हा एकदा बघायचा होता... भर कोर्टात, चारचौघांत बघायचा होता! तेवढ्यासाठी ती अडून बसली आणि वकिलांचं काही चाललं नाही.

उमरग्याच्या कोर्टात त्या दिवशी गर्दी फार नव्हती. न्यायाधीश मॅडमनी भाषांतर जोडलेलं नाही म्हणून आधी योगीराज वकिलांना झापलं, मग कोर्टातले बेलिफ माणिकप्पा यांना कन्नड वाचता येतं म्हणून त्यांना जवळ उभं केलं. शिवांजली पिंजऱ्यात आली. पदराखालच्या इष्टलिंगावर हात ठेवून तिनं खरं सांगण्याची शपथ घेतली. चिठ्ठी तिच्या हातात गेली. अठरा वर्षांच्या विभूतीनं ती मऊ, राखाडी झाली होती.

शिवांजलीनं ती उघडली आणि गप्प झाली. चेहरा उतरला. अगदी तसाच! तारामती बाकावर सरसावून बसली.

"अक्का," शिवांजली मॅडमकडं नाही, तिच्याकडंच बघत म्हणाली, "मला हे वाचाय लावू नका."

मॅडमनी सांगितलं, वाचावं लागेल.

तिनं चिठ्ठीवर बोट ठेवलं. "हिंदिन मनी."

"मराठीत सांगा."

"मागचं घर."

माणिकप्पांनी चष्मा वर सारून चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. मागचं घर असंच लिहिलं होतं. योगीराज वकिलांना आधी घाम फुटला. मग त्यांनी विचारलं, वाटणीच्या दिवशी काय वाचलं होतं? पुढचं, ती म्हणाली. म्हणजे खोटं वाचलं? व्हय. का? हे कोर्टात सांगायचं न्हाय, एवढंच म्हणाली आणि पदराचं टोक तोंडावर धरलं. जेवणाची वेळ झाली होती. मॅडमनी कामकाज दुपारनंतरवर ढकललं.

बाहेर व्हरांड्यात येईपर्यंत वकिलांचा चेहरा उजळला होता. वहिनी, म्हणाले, तुमच्या लक्षात येतंय का? चिठ्ठीप्रमाणं मागचं घर तुमचं! निम्मं नाही, सगळं! पुढचं, जे रस्त्यात चाललंय, ते त्यांचं. आपण दावा दुरुस्त करू, ती बाई शपथेवर कबूल झाली आहे. आता रस्त्याच्या तोंडावर तुम्ही बसणार आणि ते रस्त्यावर येणार.

तारामतीला काय वाटलं? खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. पायापासून डोक्यापर्यंत गरम, गोड आनंद... सगळं माझं! तो गोठा माझा, परस माझं, ते रस्त्याला आलेलं तोंड माझं, आणि शिवांजली पिशवी घेऊन चालली आहे! अठरा वर्षं जे मागितलं ते देवानं दुप्पट दिलं. ती राजशेखरकडं वळली. तो भिंतीला टेकून उभा होता, त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो तिच्याकडं बघतसुद्धा नव्हता. तो समोर लिंबाखाली बघत होता.

लिंबाखाली शिवानंद बायकोवर वाकून उभा होता. अठरा वर्षं ज्या घरात आपण कोंडून घेतलं ते आपलं नव्हतंच, बाजारातलं घर आपलं होतं, आणि ते बायकोनं आपल्याला न विचारता देऊन टाकलं, हे त्याला आत्ताच कळलं होतं. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. पण तो हात झटकून, मागं न बघता एसटी स्टँडकडं निघून गेला. शिवांजली तिथंच बसली. थोड्या वेळानं, काहीतरी करायचं म्हणून, तिनं डबा उघडला. त्यात जाड, कडांना फाटलेली भाकरी होती. तिला भाकरी कधी पातळ थापता आली नाही.

मग तारामतीचे पाय आपोआप तिकडं गेले. भांडायला की विचारायला, तिचं तिला कळलं नाही.

"का वाचलंस तसं?"

शिवांजली बाजूला सरकली, पदरानं जागा झाडली. अक्का बसल्या नाहीत तेव्हा तिनं खालीच बघत सांगायला सुरुवात केली.

"त्या साली तुमचं बाळ गेलं हुतं अक्का. पाच महिन्यांचं. तुमी बोलत न्हवता, जेवत न्हवता. मला मराठी येत न्हवतं, तुमच्यापाशी बसून काय बोलावं ते कळायचं न्हाय. मी आपली मागं बसून ऐकायची. दिसभर तुमचं रडं. निस्तं पहाटं तुमी वसरीवर भाकरी थापाय बसलात की तेवढा येळ रडं थांबायचं. थाप ऐकू यायची. मला वाटायचं, आता अक्का जगत्यात." तिनं डब्यातली भाकरी मोडली. "चिठ्ठी उघडली आन् मागचं निघालं. मागं अंधार, बोळ. तिथं भाकरी घ्यायला कोण येणार? थाप बंद पडली असती. मग तोंडात आलं ते म्या वाचलं."

तारामतीच्या कानात थाप घुमायला लागली. तिला आठवलं, त्या दिवसांत तिनं शिवांजलीकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. जिच्याशी आपण धड एक शब्द बोललो नव्हतो त्या एकोणीस वर्षांच्या पोरीनं देवापुढं, सासऱ्यापुढं, लिंगाची पूजा झालेल्या ताटापुढं आयुष्यातलं पहिलं खोटं बोलून टाकलं होतं... आणि चेहरा उतरला होता तो घर गेलं म्हणून नव्हे! खोटं बोलायची भीती होती ती. अठरा वर्षं आपण त्या भीतीची चेष्टा केली.

"मग सांगितलं का न्हाईस? मी तुला काय काय बोलले गं."

"सांगितलं असतं तर एक दिस तरी तिथं बसला असता का तुमी?"

तारामती तिनं झाडलेल्या जागेवर बसली. मग जे तिला अठरा वर्षं विचारायचं होतं, जे विचारायची लाज वाटत होती, ते तिच्या तोंडून बाहेर पडलं. अव्वा आणि तू मागं बसून काय बोलायचात? मला बघून गप्प का व्हायचात?

शिवांजलीला या सगळ्यातही थोडं हसू आलं. "तुमचंच. अव्वा थापा मोजायच्या. आज अक्कानं दोन ईसा केल्या, चाळीस, आज तीन ईसा केल्या, साठ. जास्ती झाल्या की खूश व्हायच्या, हसायच्या. तुमी आलात की म्हणायच्या, गप, दृष्ट लागंल."

तारामतीनं तोंड पदरात घातलं आणि ती हमसून हमसून रडली. बाळ गेल्यावर जशी रडली होती तशी रडली, कोर्टाच्या आवारात, येणाऱ्याजाणाऱ्यांची पर्वा न करता. इतकी वर्षं जिच्या सुखाचा हेवा केला ते सुख म्हणजे आपणच होतो! जगात याहून मोठी लाज कुठली? शिवांजली तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. थोड्या वेळानं तिनं त्या फाटक्या भाकरीचा अर्धा तुकडा अक्काच्या हातात दिला, आणि अक्कानं तो खाल्ला.

दुपारी कोर्ट बसलं. योगीराज वकील दावा दुरुस्तीचा अर्ज लिहून तयार होते. तारामती उठून उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली की मला बोलायचंय. वकिलांनी खुणेनं बसा सांगितलं. ती बसली नाही.

"मॅडम, धाकट्या दिरावरचा दावा मी काढून घेते. नगरपरिषदेवरचा चालू ऱ्हाऊ द्या, त्याचं काय ते कायद्यानं करा."

मॅडमनी तिला नीट समजावून सांगितलं. चिठ्ठीप्रमाणं मागचं घर तुमच्या वाट्याला येण्याचा संभव आहे. ते सोडलं आणि पुढचं रस्त्यात गेलं, तर तुमच्याकडं घर राहणार नाही. कुणाचा दबाव आहे का?

"न्हाय. त्या दिवशी आमच्या देवापुढं जे वाचलं तेच आमचं खरं. पुढचं माझं. गेलं तर माझं गेलं."

मॅडमनी राजशेखरलाही विचारलं. त्यानं फक्त मान डोलावली, आणि दीड वर्षात पहिल्यांदा ती ताठ होती. चिठ्ठी परत करायचा हुकूम झाला. माणिकप्पांनी ती दोन्ही हातांनी तारामतीला दिली.

नगरपरिषदेविरुद्धचा दावा पुढं सात महिने चालला. रस्ता सार्वजनिक गरजेचा आहे, तो होईल. मोबदला कायद्याप्रमाणं द्यावा, असा निकाल लागला. त्यात कुणाचं काही चुकलं नाही, पण ज्याची ओसरी जाते त्याला निकाल वाचून झोप येत नाही. तारामतीनं गावाच्या कडेला दोन खोल्या भाड्यानं पाहून ठेवल्या. शिवांजलीनं चारदा सांगितलं, मागं या, सगळे मावतो. तारामती म्हणाली, तुझं एकदा घेतलंय, पुन्हा घ्यायला माझा हात धजत नाही. शिवानंद बायकोशी महिनाभर बोलला नव्हता. पुढं बोलायला लागला, पण वहिनीसमोर अजून येत नव्हता.

जेसीबी आला त्या सकाळी तारामतीनं ओसरीवर शेवटच्या भाकऱ्या थापल्या. सामान आधीच हललं होतं. ती लोखंडी तवा चुलीवरून उतरवायला वाकली तर दुसरे दोन हात आधीच पुढं आले. शिवानंद होता. काही न बोलता त्यानं फडक्यानं तवा उचलला आणि टेम्पोकडं न जाता बोळाच्या दिशेनं चालायला लागला. टेम्पो तिकडं आहे, ती म्हणाली. "चूल इकडं हाय, वैनी," तो चालता चालताच म्हणाला.

दुपारपर्यंत ओसरी पडली, माजघर पडलं. धुरळा बसला तेव्हा मधली भिंत उघडी रस्त्याला लागून उभी होती, अंगावर लाल रेघ तशीच आणि मध्ये ती हातभर खिडकी. तारामती बोळातून आत गेली. गोठा रिकामा होता. म्हैस शेतावर नेली होती. जमीन सारवलेली, खिडकीखाली नवी चूल, चुलीवर तिचा तवा, शेजारी काटवट. शिवांजलीनं शटर बसवलं नव्हतं. खिडकी तेवढी मोठी करायची, इथून भाकऱ्या द्यायच्या, असं ठरवून ठेवलं होतं. तारामती दारातच उभी राहिली. तिचा पाय आत पडेना.

मग तिनं पदराआडून विभूतीची डबी काढली, चिठ्ठी उघडली आणि जावेपुढं धरली.

"वाच."

शिवांजलीनं अक्काकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं. या वेळी ती फार वेळ गप्प राहिली नाही आणि तिचा चेहराही उतरला नाही.

"पुढचं घर," ती म्हणाली. "अक्कांचं."

खिडकीबाहेर, जिथं अठरा वर्षं अक्कांचं घर होतं तिथं, जेसीबी विटा गोळा करत होता. तारामतीनं चिठ्ठी दुमडून डबीत ठेवली, डबी नव्या चुलीवरच्या कोनाड्यात ठेवली.

"बरोबर वाचलंस," ती म्हणाली आणि काटवटीपाशी बसून तिनं पीठ मागितलं.